दगडाचा नंबर

वैभववाडीच्या माणसाला काहीही बोला. यंदा तुमच्या कलमांना मोहर नाही म्हणा, तो म्हणेल, नाही खरा. तुमचा मुलगा मुंबईहून फोन करत नाही म्हणा, तो म्हणेल, करत नाही खरा. छप्पर गळतंय, म्हैस आटलीय, भावकीतला दावा अजून कोर्टात लोळतोय, हे सगळं तो पानाला चुना लावता लावता ऐकून घेईल. फक्त एक वाक्य त्याच्या खळ्यात उभं राहून उच्चारू नका: ‘तुमच्या कोयत्याक धार नाय.’ मग पान बाजूला पडतं, चुन्याची डबी मिटते आणि माणूस उठून मागल्या दारी जातो. परत येतो तेव्हा त्याच्या एका हातात कोयता असतो आणि दुसऱ्या हातात तुमचं मनगट. धार दाखवायला त्याला काहीतरी हवं असतं, आणि तुमच्या हातावरचे केस सगळ्यात जवळ असतात.

यात त्याचा दोष नाही. आमचा तालुकाच असा वसलाय की पात्याशिवाय इथे पान हलत नाही. डोक्यावर सह्याद्री, त्यातून उतरणारे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट, आणि पायाशी रान, भात, कलमं. थंडी सरली की राबासाठी कवळ तोडायची. उन्हाळ्यात फणस फोडायचे, मिरगाआधी कुंपणं नीट करायची, पावसाने माजलेलं रान श्रावणात वाटेवरून हटवायचं आणि दसरा उलटला की भातकापणीला वाकायचं. मासे तर बारमाही. जिल्ह्याचं नाव सिंधुदुर्ग असलं तरी आमच्या तालुक्याला समुद्र लागलेला नाही. आमचा समुद्र टोपलीत बसून बाजारात येतो आणि बर्फातल्या बांगड्याच्या डोळ्यांनी आमच्याकडे बघतो. त्यामुळे एकाच घरात रानासाठी कोयता, भातासाठी विळा, माशांसाठी आडाळो, आणि मुंबईहून कुणीतरी भेट दिलेली, पाकिटातून न काढलेली सुऱ्यांची जोडी असा संसार असतो.

पात्यांच्या या गोतावळ्याला दगड मात्र एकच. तो मागील दारी, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर पडलेला असतो. मधे खळगा, कडा गोल, रंग विचाराल तर ओला असताना एक आणि सुकला की दुसरा. खंडेनवमीला कोयत्याला फूल, विळ्याला फूल, आडाळ्याला कुंकू, दुसऱ्या दिवशी दाराशी उभ्या मोटारसायकललासुद्धा झेंडूचा हार. या सगळ्यांना वर्षभर कामाला लावणाऱ्या दगडाला मात्र पाकळीही मिळत नाही. आदल्या दिवशी त्याच्यावर घासून घासून पाती चकचकीत करतात आणि मग त्यांची पूजा होताना दगड दारामागून बघत असतो.

पूजा नसली तरी घराणं असतं. आमच्या थोरल्या काकांना दगडाबद्दल विचारलं की ते दगडाबद्दल बोलत नाहीत, वंशावळ सांगतात. हा दगड त्यांच्या आजोबांनी व्हाळातून उचलून आणला. त्या वर्षी पाऊस कसा होता, आजोबांबरोबर कोण होतं, वाटेत कुणाच्या घरी पाणी प्याले आणि त्या घरातल्या मुलीचं पुढे लग्न कुणाशी झालं, हे सगळं होतं. दगड कसला आहे, हे काही होत नाही. शेजारच्या तात्यांचा दगडही असाच व्हाळातला, पण वरच्या अंगाचा. ‘खालच्या व्हाळात खडे, वरच्या व्हाळात दगड,’ असं तात्या म्हणतात. दोन्ही जागांत हाकेचं अंतर आहे आणि व्हाळ एकच आहे.

भूगोलाचा मास्तर म्हणून मला कधीतरी बोलावतात. मी सांगतो की आपल्याकडचा जांभा या कामाला नालायक. केरळात हा दगड पाहिलेल्या फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टराने 1807 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक, आणि अंगभर भोकं. घर बांधायला उत्तम, पण जांभ्याच्या चिऱ्यावर कोयता घासला तर धार चिऱ्याला येते. काळा दगड, म्हणजे सह्याद्रीचा बेसॉल्ट, चालतो, पण तो कापण्यापेक्षा गुळगुळीत करण्यात रमतो. खरा उपयोगी तो वाळूचा दगड, ज्यात गारेचे, म्हणजे गारगोटीचे, बारीक कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात. कोयत्याचं लोखंड कठीणपणात मोस नावाच्या जर्मन माणसाच्या मोजपट्टीवर सहाच्या आसपास, गार सात. एवढ्या एका पायरीच्या फरकावर माणसाने हजारो वर्षं शेती केली, लाकूड तोडलं आणि एकमेकांची डोकीही उडवली. इतकं सांगून मी थांबतो. काका विचारतात, ‘मगे आमचो दगड कितव्या पायरीवर?’ आणि मी काही बोलायच्या आत तात्या सांगतात, ‘खालच्या.’

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात काकांचा पुतण्या कोकण रेल्वेने वैभववाडी रोड स्टेशनात उतरला आणि त्याच्या बॅगेत दगड होता.

मुंबईहून गावी येणारा माणूस दगड घेऊन येतो, ही घटना आमच्याकडे नवी. आजवर इथून दगड, वाळू आणि माणसं बाहेर जात होती. पुतण्याने खोका उघडला. आत सुबक वीट, एक बाजू विटकरी, दुसरी पांढरट. जपानी, दोन नंबरचा. म्हणजे एका बाजूला हजार, दुसऱ्या बाजूला सहा हजार.

‘हजार म्हणजे रुपये?’ काकांनी विचारलं.

‘नाही काका, नंबर.’

‘मगे रुपये किती?’

पुतण्याने सांगितलं. काका काही वेळ दगडाकडे न बघता पुतण्याकडे बघत राहिले.

मग पुतण्याने दगड पाण्याच्या बादलीत सोडला. तो म्हणाला, हा आधी भिजवावा लागतो. दगडातून बारीक बुडबुडे एकामागोमाग वर येऊ लागले. सगळं घर बादलीभोवती जमलं. काकांनी नीट वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘बुडबुडे येतत. जितो आसा काय तो?’ काकी म्हणाल्या, पोहे असतील तर सांग, फोडणी टाकते. पुतण्याने शांतपणे समजावलं की कृत्रिम दगडात कणांच्या मधे बारीक पोकळ्या असतात, त्यातली हवा बाहेर पडते आणि पाणी आत जातं. बुडबुडे थांबले की दगड तयार. तोवर काकांनी मागल्या दारी जाऊन आपल्या दगडावर कोयता फिरवून, धार काढून, पुन्हा खुंटीला अडकवलासुद्धा.

कृत्रिम दगडाचा जन्म हाच मुळात एक फसलेला व्यवहार आहे. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन नावाचा गृहस्थ हिरे बनवायला निघाला. त्याने माती आणि कोळसा एकत्र करून त्यातून वीज सोडली. हिरे झाले नाहीत, पण इतके कठीण चकचकीत स्फटिक मिळाले की काचेवर चरा पडेल. त्याला वाटलं, यात कार्बन आहे आणि कुरुंद आहे, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात कुरुंद त्यात नव्हताच, होतं सिलिकॉन कार्बाइड. हिऱ्याऐवजी त्याने जगातल्या सगळ्या सुऱ्यांसाठी दगड दिला. दोन वर्षांनी, 1893 मध्ये, आंरी म्वासां या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला हाच पदार्थ अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात पडलेल्या उल्केत सापडला. म्हणजे ज्याला आपण कृत्रिम म्हणून हिणवतो, त्याचं सख्खं भावंड आकाशातून पडतं. आणि ज्याला नैसर्गिक म्हणून डोक्यावर घेतो, तो व्हाळात गुरांच्या पायाखाली असतो. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘आकाशातसून पडलेलो असलो तरी खोक्यातसून आयलो मां?’

हा सिलिकॉन कार्बाइड बनतो कशाचा? पांढरी वाळू आणि कोळशाचं पेट्रोलियमी भावंड, दोन्ही विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या वर भाजायची. आता वाळू म्हटलं की आमच्या तालुक्याने कान टवकारायला हवेत. तळेऱ्याला उतरताना शेजारीच कासार्डे आहे, तिथे सिलिका वाळूच्या खाणी आहेत. ती वाळू ट्रकात भरून काचेच्या कारखान्यांना आणि ओतशाळांच्या साच्यांना जाते. तिच्याच जातीची वाळू दूरदेशी भट्टीत तापते, कडक होते, नंबर लावून घेते आणि खोक्यात बसून परत येते. हा दगड म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आमचाच चाकरमानी आहे. गेला तेव्हा नुसती वाळू होता. आता पाण्यात भिजल्याशिवाय कामाला हात लावत नाही.

खरा गोंधळ नंबरात आहे. पूर्वी चाळणीच्या एका इंचात किती भोकं, त्यावरून कणाला नंबर मिळायचा. आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. फार बारीक कण चाळता येत नाहीत, तेव्हा ते पाण्यात सोडून किती वेळात खाली बसतात, ते पाहतात. पुतण्याच्या दगडाचा हजार म्हणजे साधारण चौदा मायक्रॉनचा कण, केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सा. पण हजार हा आकडाही सगळीकडे एकच नाही. युरोपातल्या एका मोजणीत हजार नंबरचा कण साडेचार मायक्रॉनचा असतो, तिथल्याच दुसऱ्या मोजणीत अठरा मायक्रॉनचा. म्हणजे हजारपेक्षा हजार चौपट जाड. हे ऐकून तात्यांना फार बरं वाटलं. त्यांना तलाठ्याच्या सातबाऱ्याची सवय आहे. एकाच जमिनीचे दोन आकडे असणं त्यांना नैसर्गिक वाटतं.

आणि इथेच काकांनी त्यांचं ते ठेवणीतलं वाक्य टाकलं. पुतण्या म्हणाला होता, ‘काका, तुमच्या दगडाचा नंबर काय, ते सांगा बघू.’ काका म्हणाले, ‘दुसरो असलो तर नंबर लावतत. हेच्यासारखो दुसरो नायच, मगे नंबर कसलो?’

हे ऐकून मी विचारात पडलो, कारण नैसर्गिक आणि कृत्रिम यांच्यातला सगळा वाद काकांनी त्या एका वाक्यात बसवला होता. नैसर्गिक दगडाची प्रतिष्ठा त्याला नंबर नसण्यात आहे. नंबर नाही म्हणजे तुलना नाही, तुलना नाही म्हणजे हार नाही. धार आली तर दगड चांगला. नाही आली तर लोहाराने पात्याला पाणी नीट दिलं नाही. प्रत्येक घरातला दगड गावात पहिला, आणि दुसरा नंबर कुणाचाच नाही. कृत्रिम दगडाचं उलट. त्याची सगळी विद्या खोक्यावर छापलेली. हजारावर घास, मग सहा हजारावर घास, धार येईलच. आता धार आली तर श्रेय कंपनीला आणि नाही आली तर दोष तुमच्या हाताला. अशा दगडाला आमच्या गावात कोण उभं करील? इथे माणसं आयुष्यभर दोष दुसरीकडे पाठवण्याची विद्या शिकलेली आहेत.

ही खोड फक्त वैभववाडीची नाही, एवढंच समाधान. जपानात क्योटोच्या पश्चिमेच्या डोंगरांतून निघणारे दगड सुतार आणि तलवारींना झिलई देणारे पिढ्यान्‌पिढ्या जपून वापरतात, आणि चांगल्या दगडाची किंमत ऐकून पुतण्यासुद्धा गप्प बसला. बेल्जियममध्ये आर्डेनच्या डोंगरात पिवळा कोटिक्यूल निघतो, त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात. वस्तऱ्याला तो फार मानवतो. अमेरिकेत आर्कान्सासचा नोव्हाक्युलाइट, जवळपास शुद्ध गारच, तेल लावून वापरतात. नॉर्वेतल्या आइड्सबॉर्गचा दगड व्हायकिंगांच्या काळापासून जहाजांतून देशोदेशी जायचा. आणि गंमत म्हणजे, अमेरिकेत नॉर्टन कंपनीचा तपकिरी, कृत्रिम कुरुंदाचा तेलदगड जगभर ‘इंडिया’ या नावाने विकला जातो. आमच्या देशाच्या नावाचा एक दगड सगळीकडे चालतो, पण तो आमच्या व्हाळातला नाही, हे तात्यांना लागलं.

दगडाला पाणी लावावं की तेल, हाही जुनाच तंटा. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की काही दगड तेलाचे, काही पाण्याचे, आणि स्पेनमधून येणारा न्हाव्यांचा एक दगड थुंकीचा. हे वाचून मला आमच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या न्हाव्याची आठवण झाली. तो वस्तऱ्याचा दगड कशाने भिजवायचा, हे गिऱ्हाईक कधी विचारत नसे, कारण वस्तरा तेव्हा गळ्यावर असे. काका आजही दगडावर थुंकून कोयता घासतात. दोन हजार वर्षांची रोमन परंपरा आपल्याकडून चालते आहे, हे त्यांना कळवलं तर ते आणखी थुंकतील, म्हणून मी गप्प बसलो.

पुतण्या मात्र गप्प बसला नाही. त्याने आधी दगड सपाट केला. त्यासाठी बॅगेतून दुसरा दगड निघाला. वापरून वापरून दगडाला मधे खळगा पडतो, मग धार वाकडी येते, म्हणून सपाट करायला वेगळा दगड लागतो. ‘दगडाक धार काढूक दगड,’ काका म्हणाले, ‘आणि तेका धार काढूक तिसरो असतलो.’ मग पुतण्याने मुंबईहून आणलेली सुरी घेतली. पंधरा अंशांचा कोन धरून ती पुढे ओढली, मागे घेतली. दगडावर काळसर चिखल साचला, तो त्याने धुऊ दिला नाही. सुटलेले कणच काम करतात म्हणे. थोड्या वेळाने पात्याच्या दुसऱ्या अंगाला नखाने हळूच तपासलं. तिथे लोखंडाची अगदी बारीक किनार उलटली होती, बोटाला खरखर लागली. ती उलटली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली, हे त्याने दाखवलं तेव्हा काकाही नाईलाजाने वाकले. मग सहा हजारावर ती किनार काढून टाकली. सुरीने वर्तमानपत्राचा कागद हवेतल्या हवेत कापला. सुरेख काम होतं. काकांनी कबूल केलं की पेपर कापायचा असेल तर या दगडाला तोड नाही.

‘आता ह्यो घे,’ म्हणून त्यांनी आपला कोयता पुढे केला, आणि इथे जपान अडकलं.

आमचा कोयता बाजारातला नव्हे. तो लोहाराकडून घडवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी बहुधा ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा लागतो. घाटांनी थकवलेल्या ट्रकांचं लोखंड असं पुढे कोयता होऊन त्याच घाटाखालच्या रानावर सूड उगवतं. पातं जाड, टोकाला आत वळलेला आकडा. आता आत वळलेल्या धारेवर सपाट वीट कशी बसणार? दोन टोकं टेकतात, मधलं पोट अधांतरी. पुतण्याने दगड उभा धरला, आडवा धरला, शेवटी हातात उचलून कोयत्यावर घासायला लागला, तेव्हा काकीच म्हणाल्या, अरे, तो फुटेल. काकांनी मागील दारचा आपला दगड दाखवला. गोल कडेवर कोयत्याचा आकडा नेमका बसला, खळग्यात सुरीचं पोट. पिढ्यान्‌पिढ्या वापरून तो दगड इथल्या पात्यांच्या मापाचा झाला होता. सपाट करायला निघाला असता तर दगड वाचला असता आणि कोयते गेले असते.

आणि पंधरा अंशांची धार कोयत्याला दिली असती तर? पहिल्या किंजळीच्या फांदीवर ती खपली होऊन उडाली असती. कागद कापणारी धार आणि फांदी तोडणारी धार वेगळी. फांदीला जाड कोनाची, चामट धार लागते. आडाळ्याचं तर आणखी निराळं. पातं पाटावर ठोकलेलं, वर खवणी, त्यामुळे पात्याने दगडाकडे जायचं नाही, दगडानेच पात्याकडे यायचं. मुठीत मावणारा लांबट दगड घेऊन, आडाळ्यापुढे बसून, वरून खाली हलक्या हाताने. हा दगड चुलीजवळच्या फळीवर असतो आणि त्याची वंशावळ कुणीही सांगत नाही. तो काकींचा आहे.

भातकापणीच्या विळ्याने हा प्रश्नच मुळातून सोडवला. कृषिखात्याची माणसं कापणीला ‘वैभव’ विळा वापरा म्हणून सांगतात. आमच्या गावाचं अर्धं नाव घेऊन फिरतो, म्हणून आम्हाला त्याचा उगाच अभिमान. तो दातेरी आहे. दातेरी विळ्याला ना व्हाळातला दगड चालतो ना जपानी. तो पाजवायचा नसतोच. वापरायचा आणि दात गेले की बदलायचा. त्यामुळे तो काम चोख करतो आणि चर्चेत कुठेही नसतो.

या दोन पक्षांच्या बाहेर तिसरा पक्षही आहे, तो दोघांपेक्षाही शहाणा. किनाऱ्याकडे माडी काढणारे आपलं पातं लाकडी फळीवर पाजवतात. फळीवर गारगोटीची बारीक भुकटी टाकायची आणि पातं फिरवायचं. कण निसर्गाचा, बैठक माणसाची. अ‍ॅचिसनच्या भट्टीपूर्वीच त्यांनी कृत्रिम दगड बनवला, फक्त तो रोज नवा बनवतात. माडाच्या पोईचा काप इतका बारीक घ्यावा लागतो की बोथट पात्याने पोय चेंगरली तर रस थांबतो. ज्याच्या धारेवर रोजची चूल अवलंबून असते, त्याला दगड नैसर्गिक की कृत्रिम हा प्रश्न सुचत नाही. हा प्रश्न ज्यांना सुचतो, त्यांच्याकडे दुपार रिकामी असते.

मधूनच सायकलवाला येतो. सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारत, चाकावरच्या पट्ट्याने छोटी साण फिरवतो, ठिणग्या उडवतो. ठिणग्या उडाल्या की मुलं खूश आणि पातं दुःखी. साणेवर तापून पात्याची कड निळी पडली की लोहाराने दिलेलं पाणी उतरलं. मग ती धार दोन दिवसांची पाहुणी. हे काकांना माहीत आहे, पुतण्याला माहीत आहे, सायकलवाल्यालाही माहीत आहे. पण तो पुन्हा यायचा असतो.

तर त्या दुपारी वाद अगदी रंगात आला. पुतण्या म्हणाला, नैसर्गिक दगडात थर बदलतो. एक थर बारीक, पुढचा जाड, मधेच एखादा कठीण खडा पातं ओरबाडतो. कृत्रिमात पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत सगळे सारखे. काका म्हणाले, सगळेच सारखे असतील तर त्यात मजा कसली? तात्या म्हणाले, वरच्या व्हाळातल्या दगडात थर बदलत नाहीत. मी मोस, प्लिनी आणि म्वासां यांना पुन्हा एकदा उभं केलं. दोन्ही पाती तयार होती, एक जपानी दगडावर, एक वंशपरंपरागत दगडावर. आता निकाल लावायचा होता.

काकी बाहेर आल्या. त्यांनी नंबर विचारला नाही, व्हाळ विचारला नाही. हातातली टोपली मधोमध ठेवली.

‘झाली मां धार? मगे बसा दोघव. बांगडे आसत, साफ करून देवा.’

क्षणभर कुणी बोललं नाही. मग पुतण्या म्हणाला, माझ्या सुरीला अजून सहा हजारावर थोडं फिरवायला हवं, आत्ता धार कच्ची आहे. काका म्हणाले, कोयत्याने मासे कापत नाहीत, आणि तसाही दगड आज कोरडा पडलाय. तात्यांना अचानक घरी गुरं सोडायची आठवण झाली. मी मास्तर असल्यामुळे मला कुणी विचारलं नाही. काकींनी टोपली उचलली, आडाळो ओढला, फळीवरचा निनावी दगड पात्यावरून दोनदा फिरवला, आणि बांगड्याचं पहिलं डोकं टोपलीत पडायच्या आत आमचा वाद पुन्हा सुरू झाला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. नैसर्गिक की कृत्रिम, हा जगातला वाद एका नियमाने मिटेल: ज्याचा दगड सगळ्यात चांगला, त्याने घरातले मासे साफ करायचे. हा नियम लागू होताच क्योटोपासून आर्कान्सासपर्यंत आणि खालच्या व्हाळापासून वरच्या व्हाळापर्यंत एकच सूर ऐकू येईल: आमचा दगड तसा काही खास नाही हो, शेजाऱ्यांकडे बघा.